मसाला निवेपर्यंत

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की रस्त्यावर न मावून ते इमारतींच्या जिन्यांत शिरलं होतं. धाकटी भिंतीला हात लावत लावत वर चढत होती. एका हातात मसाल्याचं पाकीट, खांद्याला पिशवी, आणि जीव कातावलेला. अन्नतपासणीची प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे, हे खाली पाटीवर वाचायचंच ती विसरली होती.

वरून कुणीतरी उतरत होतं. पावलं ऐकू येत होती, माणूस दिसत नव्हता. ती उजवीकडे सरकली, पावलंही तिकडेच सरकली. ती डावीकडे झाली, तर पावलंही डावीकडे. मग व्हायचं तेच झालं. टक्कर झाली, पाकीट फाटलं आणि पांढऱ्या धुक्यात एक तांबूस ढग उसळला.

त्या ढगातून आधी एक शिंक आली. मग दुसरी. मग शिंकांची रांगच लागली.

"धणे," शिंकांच्या मधल्या फटीत कुणीतरी म्हणालं. "जिरं… बडीशेप… मिरे तर… थांबा हं…" पुन्हा एक शिंक. "मिरे आहेतच."

"माफ करा, मला दिसलंच नाही—"

"लवंग अगदी थोडी. दालचिनी. सुकी मिरची." आता तो दिसू लागला. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या दोन्ही काचा तांबड्या झालेल्या. त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि जरा थांबला. "आणि मीठ."

"मीठ नाही त्यात."

"आहे."

"अहो, मी केलाय मसाला."

"आणि मी खाल्लाय. आत्ताच. चांगला पोटभर."

धाकटीला हसू आलं, पण ते तिने दाबलं. उरलेलं पाकीट चिमटीत धरून तिने विचारलं, "प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे, सांगता का?"

"चला, दाखवतो," तो म्हणाला. "मी तिथेच असतो. निघालो होतो चहाला, पण आता जिभेवर दुसरं काही टिकायचं नाही."

वर जाताना तो आणखी दोनदा शिंकला. तिने मनातल्या मनात त्याचं नाव शिंक्या ठेवून टाकलं.

*

धाकटी मावशीकडे वाढली होती. आई लवकर गेली, वडील दूरच्या गावी नोकरीला, मग मावशीने तिला आपल्या घरी आणली ती कायमचीच. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. ती मसाला करायची. गल्लीतले, पलीकडच्या गल्लीतले, पुढे गाव सोडून गेलेलेही तिचाच मसाला मागवायचे. गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. घर रिकामं झालं, पण मसाला थांबला नाही. धाकटीने सगळी कृती लहानपणापासून डोळ्यांनी पाहिली होती, मापं तोंडपाठ होती. तिने केलेला पहिला घाणा चाखून लोक म्हणाले, हुबेहूब मावशीचा. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण झोपताना वाटायचं, हुबेहूब मावशीचा, मग यात माझं काय?

कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई मावशीच्या मैत्रीण. त्यांनी आता मोठं दुकान घेतलं होतं, फळ्याच फळ्या. त्या म्हणाल्या होत्या, "धाकटे, तुझ्यासाठी डोळ्यांसमोरची फळी राखून ठेवलीय. पण पाकिटावर पोषणमूल्यांचं लेबल हवं बाई. शंभर ग्रॅममध्ये काय नि किती. त्याशिवाय मला ठेवता येत नाही. दुकान उघडायच्या आत आण. नाहीतर ती फळी बिस्किटवाल्याला जाईल, आणि मग माझा जीव हळहळेल."

म्हणून ती इथे आली होती. डोळ्यांसमोरच्या त्या फळीवर आपल्या हातचं काहीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं.

प्रयोगशाळेच्या खोलीत गारवा होता आणि कसलाच वास नव्हता. शिंक्या टेबलामागे बसला. चष्मा पुसल्यावर त्याचे डोळे बरेच मोठे आणि थोडे घाबरट निघाले.

"आधी कागदावर शिजवून बघू," तो म्हणाला. "कशात काय असतं ते ठरलेलं आहे. धण्यात किती प्रथिनं, जिऱ्यात किती चरबी. तुम्ही कशाचं किती घेता ते सांगा. मी हिस्से पाडतो, बेरीज करतो. मग तुमचा नमुना तपासतो. दोन्ही जुळलं की लेबल तयार."

तिने मापं घडाघडा सांगितली. तो लिहीत गेला.

"आणि मीठ?"

"नाही म्हटलं ना. मावशी म्हणायची, मीठ ज्याचं त्याने घालावं. मसाल्याने त्यात नाक खुपसू नये."

"मसाल्याने माझ्या नाकात काय काय खुपसलंय, ते मला विचारा." त्याने आकडे मांडले. ऊर्जा, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ. सोडियमपुढे सत्तर मिलिग्रॅम लिहिलं. "एवढं तर जिऱ्याबिऱ्यात आपलं आपण असतंच."

"आणि ही कर्बोदकं कशी मोजता?"

"मोजत नाही." तो थोडा लाजला, जणू घरातली गुपित गोष्ट बाहेर सांगतोय. "बाकी सगळं मोजायचं. ओलावा, प्रथिनं, चरबी, जाळल्यावर राहिलेली राख. ते शंभरातून वजा करायचं. जे उरतं, ती कर्बोदकं."

"म्हणजे जे उरतं त्यालाही नाव असतं," ती म्हणाली.

त्याने मान वर करून पाहिलं. तेवढ्यात त्याला शिंक आली.

*

निकाल घ्यायला ती गेली, तेव्हा शिंक्या हसत नव्हता.

"बाकी सगळं जुळलं," तो म्हणाला. "अगदी पाठ केल्यासारखं. पण सोडियम आठशे चाळीस आलंय."

"तुमचं भांडं खारट असेल."

"माझं भांडं माझ्याहून स्वच्छ असतं." त्याने आवाज खाली आणला. "नमुन्याचं पाणी आम्ही ज्योतीत सोडतो. सोडियम असलं की ज्योत पिवळी होते. तुमच्या मसाल्याने खोली पिवळी झाली. मी दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा तर… जाऊ द्या."

"काय जाऊ द्या? सांगा ना."

"दुसऱ्यांदा मला वाटलं, माझ्यामागे उभं राहून कुणीतरी ज्योत बघतंय. वळलो तर कुणी नाही. पण तुमच्या मसाल्याचा वास होता. या खोलीत कधी वास येत नाही."

तिच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. पण त्याच्यासमोर घाबरायचं नाही, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. "चष्मा नीट पुसत चला," ती म्हणाली. "नवा नमुना आणते."

घरी येऊन तिने कढई घासली, चक्की घासली, डबे उन्हात ठेवले. हाताशीसुद्धा मीठ नको म्हणून मिठाची बरणी वरच्या फडताळात ठेवायला घेतली, आणि थबकली. बरणी हलकी लागत होती. ती तर अलीकडेच भरली होती. एकटीचा स्वयंपाक, त्यात मीठ लागून लागून लागणार किती… तिने झाकण घट्ट लावलं आणि तो विचार तिथेच बंद केला.

नवा नमुना गेला. सोडियम आठशे अडतीस. त्यानंतर आणखी एक. आठशे बेचाळीस.

नमुने देताना, निकाल घेताना त्यांचं बोलणं वाढत गेलं. त्याला खिडकीत कुंडी ठेवायला आवडायचं, पण फुलं आली की शिंका यायच्या, म्हणून त्याने नुसत्या पानांची झाडं ठेवली होती. ती आली की तो टेबलासमोरची एक खुर्ची रिकामी करायचा आणि तिच्यावरचे कागद कुठे ठेवू म्हणून हातात घेऊन उभा राहायचा. ती त्याला सांगायची की काल धुक्यात शेजारच्या बाईंनी तिला आपलीच मुलगी समजून रागे भरलं, आणि तिनेही ते मुकाट ऐकून घेतलं. तो हसायचा. त्याचं हसू शिंकेसारखंच होतं, आवरता न येणारं आणि नंतर ओशाळलेलं.

तिसरा आकडा ऐकल्यावर मात्र तिने पर्स टेबलावर ठेवली आणि सरळच विचारलं.

"खरं सांगा. हे आकडे तुम्ही फिरवता का?"

"मी?"

"मला पुन्हा पुन्हा इथे यायला लागावं म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. "असलं केलं तर माझा सहीचा अधिकार जाईल. पण… मलाही तुमच्याबद्दल तेच वाटत होतं."

"काय?"

"की तुम्हीच मीठ घालता. पुन्हा यायला लागावं म्हणून."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, तुमच्यासाठी मी माझ्या मावशीच्या मसाल्यात मीठ घालीन?"

"वाटलं नाही," तो चष्म्याच्या काडीशी खेळत म्हणाला. "आशा होती."

धाकटी खिडकीतल्या पानांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी नाही घातलं."

"मीही आकडे नाही फिरवले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू एकदमच मावळलं.

"मग कुणी?" तो म्हणाला. "तीन घाणे, आणि तिन्हींत जवळपास तेवढंच. आमच्याकडे काटा घेऊन बसलेल्या माणसाचाही हात इतका स्थिर नसतो. मला सगळं पहिल्यापासून सांगा. अगदी बारीकसारीक."

तिने सांगितलं. निवडणं, भाजणं, मग आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर पसरणं.

"मग दार लावून घ्यायचं. निवेपर्यंत कुणी आत जायचं नाही."

"का?"

"मावशीचा नेमच होता. भाजलेल्या मसाल्याला एकटं राहू द्यावं, म्हणायची. एकटं राहिल्याशिवाय चव मुरत नाही. मी लहानपणी फटीतून बघायला गेले, तर कान पिरगळला होता माझा."

"आणि मावशी स्वतः? त्या जायच्या आत?"

धाकटीला एकदम आठवलं. मावशी जायची. मध्येच एकदा उठायची, पदराआड हात धरून आत जायची, म्हणायची, बघते निवलाय का. आत थोडा वेळ शांतता. मग दोन्ही तळवे झटकल्याचा आवाज, टप-टप. आणि ती बाहेर यायची, हात रिकामे.

"त्याच घालायच्या," शिंक्या हलकेच म्हणाला. "सगळ्यांना नाही म्हणून सांगायच्या आणि घालायच्या. तीच त्यांची खुबी."

"पण मावशी… मावशी तर नाही ना आता."

*

तो आला तो टळटळीत दुपारी, खोक्यात काटा घेऊन. कितीतरी दिवसांनी धुकं विरलं होतं, रस्ता लख्ख होता. पण घरात पाऊल टाकताच त्याने बाहीची बटणं लावून घेतली.

"गार आहे घर."

"आतली खोली जास्त गार आहे," ती म्हणाली. "मसाला लवकर निवतो."

त्यांनी मिळून घाणा भाजला. म्हणजे तिने भाजला आणि तो दारात उभा राहून शिंकला. "तुम्ही बाहेर थांबा बरं," तिने उलथनं उगारलं. "माझी मिरची घाबरते तुमच्या शिंकेला."

"मिरचीला सांगा, मीही तिला घाबरतो. फिटंफाट झाली."

भाजल्यावर त्याने वजन केलं. कच्चा माल दोन किलो, भाजून ओलावा उडाल्यावर एकोणीसशे ग्रॅम. "इथून पुढे वजन वाढायला काही कारण नाही," तो म्हणाला. आतल्या खोलीला एकच दार, खिडकी नाही. त्याने कोपरे बघितले, कापड झटकलं, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. तिने मसाला पसरला. दोघं बाहेर आले. दार लावलं. कडी त्यानेच घातली, आणि दारासमोर दोन स्टूल ठेवून ते चहा घेऊन बसले.

घर शांत होतं. बाहेर कुठेतरी कुणी बादली ठेवली, आणि मग तोही आवाज थांबला. त्याने विचारलं, "एकटं राहायला भीती नाही वाटत?"

"सवय झाली. मावशी म्हणायचीच ना… एकटं राहिल्याशिवाय चव मुरत नाही."

"ते मसाल्याबद्दल म्हणायच्या."

"मी दोन्हीबद्दल धरून चालले." ती चहाच्या कपात बघत म्हणाली. "मैत्रिणींची लग्नं झाली. माझ्यासाठीही विचारणा आली. मी म्हणायचे, बघू. मावशी काही बोलायची नाही. नुसती बघायची माझ्याकडे, मसाला जास्त भाजला गेला की बघायची ना, तशी."

तो काहीतरी बोलणार होता. त्याने कप खाली ठेवला, ओठ उघडले—

आतून आवाज आला. टप-टप.

दोन तळवे एकमेकांवर झटकल्याचा. कोरडा, सावकाश, काम आटोपल्यासारखा.

शिंक्याच्या हाताचा धक्का लागून कप कलंडला. चहा फरशीवरून वाहत दाराखालच्या फटीकडे गेला. मग धाकटीच्या लक्षात आलं, की आपण त्याचं मनगट घट्ट धरलंय.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, मलाच ऐकू येतो. रोज नाही. फक्त मसाल्याच्या दिवशी."

"तुम्ही हे मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही ते तुमच्या कागदावर कुठे लिहिलं असतं?"

त्याने कडी काढली. आत कुणी नव्हतं. धणे-जिऱ्याचा उबदार वास होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी, धुतलेल्या सुती कपड्यासारखं. पसरलेल्या मसाल्यावर मधोमध पाच बोटांच्या ओळी उमटल्या होत्या, कुणी हाताने हलकेच कालवल्यासारख्या. दारातून आलेल्या उजेडात त्या ओळींमध्ये पांढरे कण चमकत होते. त्याने आपला हात त्या खुणेवर धरून पाहिला. त्याचा हात मोठा होता. तिने आपला धरला. तिचा अगदी थोडासा लहान होता.

काट्यावर एकोणीसशे चाळीस भरले.

मग त्याने काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं, आणि पुन्हा तेच आल्यावर चष्मा काढून खिशात ठेवला. आता जे बघायचं ते चष्म्याने दिसण्यातलं नव्हतं.

"मिठाचं नाव लेबलावर लिहिलं की झालं ना?" तिने विचारलं. "वजनाने सगळ्यात कमी, म्हणून सगळ्यात शेवटी."

"लिहिता येईल. सोडियम आठशे चाळीस, तेही लिहिता येईल. पण खाली सही माझी असणार. सहीचा अर्थ असा, की हे कुणी घातलं ते मला माहीत आहे, आणि पुढच्या प्रत्येक घाण्यात तेवढंच पडणार आहे." तो घुटमळला. "जे घालतंय, त्याचा हात एखाद्या दिवशी थांबला तर? फळीवर लेबल एक आणि पाकिटात चव दुसरी. लोक तुम्हाला विचारतील. मावशींना नाही."

"मग मी काय करू?"

"दार उघडं ठेवून आत बसायचं. निवेपर्यंत. आणि मीठ तुम्ही घालायचं."

धाकटी पांढऱ्या कापडाच्या कडेला बसली. मी आत बसले तर ती येणार नाही, हे तिला कळत होतं. त्यालाही कळत होतं. घरात आता उरलेली मावशी म्हणजे तेवढीच होती, एक मूठ मीठ आणि दोन टाळ्यांचा आवाज. ती घालवायची, तर फळी मिळणार. ती ठेवायची, तर ओळखीच्यांना पुड्या बांधून द्यायच्या, दार लावायचं, बाहेर एकटीने बसायचं. जन्मभर.

"विचार करते," ती म्हणाली.

"करा." जाता जाता तो दारात थांबला. "काटा ठेवून जाऊ का? नाही म्हणजे… परत न्यायला यावं लागेल मला."

तिला इतक्या भीतीतही हसू फुटलं. "ठेवा," ती म्हणाली. "जड आहे. एका खेपेत नाही जायचा."

*

दुकान उघडायला दोन दिवस उरले होते, तेव्हा धुकं पुन्हा उतरलं. तिने त्याला निरोप पाठवला, घाणा घालतेय, या.

त्या दुपारी तिने मसाला पसरला, झाकण काढून मिठाची बरणी काट्यावर ठेवली, आणि दार सताड उघडं ठेवलं. त्यात पायरीजवळचा एक दगड अडकवला, वाऱ्याने लागू नये म्हणून. कापडाच्या एका कडेला ती बसली, दुसऱ्या कडेला तो. दाराबाहेर धुक्याचा उजेड होता, दुधासारखा, सावली न पाडणारा.

वेळ गेला. मसाल्यातून आधी वाफ यायची, ती थांबली. काही आवाज झाला नाही. काही हललं नाही. खोलीत फक्त धण्या-जिऱ्याचा वास होता, दुसरा नाही.

"येत नाही," धाकटी म्हणाली.

"नाही."

"मी घालवली तिला."

पसरलेल्या मसाल्याकडे बघत तो एकेक शब्द निवडून म्हणाला, "मला नीट बोलता येत नाही. पण एक सांगू? त्या दिवशी घरी जाऊन मी हिशेब करून बघितला. दिवसाचे शंभर भाग धरले. त्यातून काम वजा केलं, झोप वजा केली, जेवण, जिने, कुंड्यांना पाणी… सगळं वजा केलं. जे उरलं—" तो थांबला. "आम्ही ते मोजत नाही. पण त्यालाही नाव असतं, असं तुम्हीच म्हणालात."

"काय नाव आलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"शिंक्या," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून गेल्यावरच तिला कळलं, की हे नाव त्याने आजवर ऐकलेलं नव्हतं.

"काय?"

"काही नाही. पहिल्या दिवशी ठेवलं होतं."

"वाईट नाही," तो म्हणाला. "घरी यापेक्षा वाईट ठेवलंय."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती बरणीपाशी वाकली. माप घेतलं नाही. डोळे मिटून हात आत घातला आणि मूठ भरून घेतली. मूठ भरताना क्षणभर तिच्या बोटांवर कुणीतरी बाहेरून बोटं ठेवली, गार, ओळखीची. जराशी दाबली, पुरे आता, अशी. तिने मूठ मिटली आणि मसाल्यावर मीठ भुरभुरलं. पाच बोटांनी हलकेच कालवलं. मग नकळत, कुणी न शिकवता, तिचे दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले गेले.

टप-टप.

तोच आवाज. तिच्या हातांतून.

शिंक्याने काट्यावरच्या बरणीचं वजन पाहिलं. आधीचं आणि आताचं, यांतला फरक त्याने बोटावर मोजला, पुन्हा मोजला. "चाळीस," तो कुजबुजला. "बरोबर चाळीस. आता मी सही करीन."

"लेबल माझ्या नावाने?"

"तुझ्याच नावाने," तो म्हणाला, आणि तुझ्या म्हणून गेल्याचं लक्षात येऊन भेदरलेल्या नजरेने तिच्याकडे बघायला लागला. तिने ते दुरुस्त केलं नाही. कापडाच्या कडेने ती जराशी सरकली, त्याच्या बाजूला.

तेव्हा दारातला दगड सरकला.

वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं. दगड फरशीवरून घासत गेला, सावकाश, कुणी पायाने बाजूला सारावा तसा. दार फिरलं. उजेडाची पट्टी बारीक होत होत गेली आणि मिटली. मग बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला. आणि त्यामागून, स्वयंपाकघराकडे दूर दूर जाणारी, सपातांची पावलं.

अंधारात दोघं श्वास रोखून बसले. मिरचीच्या वासाने त्याला शिंक येत होती, ती तो महत्प्रयासाने आवरत होता.

"आता बाहेर कसं जायचं?" त्याने अगदी हळू विचारलं.

धाकटीने अंधारात चाचपडून त्याचा हात शोधला. तो थंडगार होता आणि मसाल्याने माखलेला.

"जायचं नाही," ती म्हणाली. "घरचा नेम आहे. निवेपर्यंत दार उघडत नाही."

"पण मसाला तर निवलाय."

"हो," ती म्हणाली. "मसाला निवलाय."